१८५३ सालाची यादी करताना

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवीच्या मुलांकडून १८५३ सालाचे भित्तिपत्रक करून घ्यायचे, त्यात त्या वर्षाच्या घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन रकाने करायचे. याद्या ढिगाने मिळतात, पण एकीची तारीख दुसरीशी जुळत नाही, आणि शंभर नावांतून कोणती घ्यावीत हे ठरत नाही. मी गेली सत्तावीस वर्षे दिनविशेषाचे सदर लिहितो आणि त्यासाठी तारखा तपासत बसणे हाच माझा रोजचा उद्योग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. हे तीन रकाने सारखे नसतात. घटना आणि मृत्यू त्या वर्षाच्या माणसांनी पाहिलेले, सोसलेले असतात. जन्माचा रकाना मात्र नंतरच्यांनी भरलेला असतो. १८५३ मध्ये जन्मलेली थोर माणसे त्या वर्षी फक्त पाळण्यात होती, घराबाहेर कुणाला त्यांची खबर नव्हती. हे मुलांना सांगितले नाही, तर त्यांना वाटते की त्या वर्षी जगात व्हॅन गॉग नावाचा चित्रकार वावरत होता.

व्हॅन गॉगचेच पाहा. ३० मार्च १८५३, हॉलंडमधले झुंडर्ट हे खेडे, वडील तिथल्या चर्चचे पाद्री. बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ लाच, त्याच घरात एक मूल मृत जन्मले होते. त्याचेही नाव व्हिन्सेंट ठेवले होते आणि त्याला चर्चच्या आवारात पुरले होते. म्हणजे १८५३ सालच्या झुंडर्टमध्ये या तारखेला ज्याची आठवण निघाली असेल तो धाकटा व्हिन्सेंट नव्हे, थोरला. नंतर चालायला लागलेला मुलगा स्वतःचेच नाव कोरलेल्या त्या लहानशा दगडापाशी वाढला. जन्माच्या रकान्यात एवढी एक नोंद नीट लिहिली, तर दहा नावांची रांग लावण्याची गरज उरत नाही.

तरी यादी हवीच असेल, तर १८५३ चा जन्माचा रकाना फार श्रीमंत आहे. क्यूबाचा कवी आणि स्वातंत्र्यवीर होसे मार्ती २८ जानेवारीला हवानात जन्मला. ५ जुलैला सेसिल ऱ्होड्स, ज्याने पुढे आफ्रिकेत इंग्रजी साम्राज्य पसरवले. विज्ञानात तर नवलच आहे: लोरेन्ट्स जुलैत, आणि ऑस्टवाल्ड, कोसेल, कॅमरलिंग ओन्स हे तिघे एकट्या सप्टेंबरात. चौघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांतले लोरेन्ट्स व ओन्स तर हॉलंडमधल्या लायडनच्या एकाच विद्यापीठात होते. विज्ञानाच्या बाईंना सांगा, त्यांना हा सप्टेंबर आवडेल.

आपल्याकडे ६ डिसेंबरला बंगालमध्ये हरप्रसाद शास्त्री जन्मले. चर्यापदांची, म्हणजे जुन्या बौद्ध गीतांची, पोथी नेपाळातून शोधून काढणारे ते हेच. आणि २२ डिसेंबरला जयरामबाटी या खेड्यात शारदादेवी, रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी. त्यांची जयंती आजही तिथीने होते, आपल्या हिशेबाने मार्गशीर्ष वद्य सप्तमीला. २२ डिसेंबर १८५३ ला तीच तिथी येते का, हे मुलांना जुन्या पंचांगावरून काढायला लावा. ३० नोव्हेंबरला अमावास्या होती, दक्षिण अमेरिकेत त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. तिथून दिवस मोजत आले की उत्तर बरोबर सप्तमीवर येऊन थांबते. तारीख खरी आहे की नाही हे स्वतः पडताळण्याचा आनंद मुलांना एकदा तरी मिळावा.

एका मराठी माणसाचा जन्म मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आता मृत्यूंकडे येऊ, कारण १८५३ चा खरा भार तिथे आहे.

२१ नोव्हेंबर १८५३ ला झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, पारोळ्यालाही त्यांची शाखा. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंना झालेला मुलगा काही महिन्यांचा होऊन गेला होता. मरणाच्या आदल्या दिवशी, २० तारखेला, अंथरुणाला खिळलेल्या राजाने भाऊबंदांतला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. हे दत्तकविधान इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष झाले आणि राज्य विधवा राणीकडे व या मुलाकडे राहावे अशी विनंती त्यांच्या हाती लेखी दिली. या दोन तारखा, २० आणि २१, भित्तिपत्रकावर शेजारी शेजारी लावा. एका दिवसात वारस मिळाला आणि धनी गेला. राणीने त्यानंतर एकामागून एक खलिते पाठवले, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला.

तीन आठवडेही पुरते उलटले नाहीत तोच ११ डिसेंबरला नागपूरकर तिसरे रघूजी भोसले गेले. त्यांना मुलगा नव्हता आणि त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. १८१८ पासून गादीवर असलेला राजा, मध्य भारतातले एवढे मोठे राज्य, आणि पुढच्या काही महिन्यांत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात गेले. बाकाबाई आणि इतर राण्यांनी विरोध केला. राजवाड्यातले जडजवाहीर बाहेर काढले गेले, हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. नागपुरात हे दुःख पुढे कितीतरी पिढ्या बोलले गेले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्येच गेले होते. म्हणजे पाच-सहा वर्षांत मराठ्यांच्या तीन गाद्या मोडल्या, आणि त्यांतल्या दोन मोडण्याचे कारण १८५३ च्या शेवटच्या सहा आठवड्यांत घडले. व्हॅन गॉगचा जन्म झुंडर्टबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. रघूजींच्या मृत्यूने मात्र नागपूरपासून कलकत्त्यापर्यंत दफ्तरे हलली. रकान्यांचे वजन वेगळे असते म्हणतो ते हेच.

इथेच तुमच्या तारखांच्या घोळाचे एक कारण सापडते. कित्येक याद्यांत 'झाशी खालसा, १८५३' असे असते. ते चूक आहे. राजा वारला १८५३ मध्ये, राज्य खालसा झाले १८५४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपूरचेही तसेच. मृत्यू आणि खालसा एका ओळीत लिहिण्याच्या घाईत साल एकच पडते. माझ्याकडूनही सुरुवातीच्या वर्षांत हे झाले होते. नागपूरच्या एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले, 'राजा गेल्याची आणि राज्य गेल्याची तारीख एक नव्हे.' ते कार्ड मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

दुसरे कारण शकाचे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकतो. ते बहुतेक महिन्यांपुरते खरे आहे. वर्ष पाडव्याला बदलते, १ जानेवारीला नाही. शके १७७५ सुरू झाले एप्रिल १८५३ मध्ये आणि संपले १८५४ च्या मार्चच्या सुमारास. म्हणून शके १७७५ चा चैत्र घ्या, ७८ मिळवा, १८५३ येते आणि बरोबर असते. पण त्याच शकाचा माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवायला हवेत. झाशीचा निकाल नेमका त्या माघ-फाल्गुनात लागला. जुन्या मराठी कागदावर शके १७७५ दिसले आणि डोळे झाकून ७८ मिळवले, की झाशी वर्षभर आधीच खालसा होते. मुलांना हे फळ्यावर एकदा करून दाखवा. पौष महिना दोन्हीकडे पडू शकतो, तिथे पंचांग उघडल्याशिवाय लिहू नये.

असाच घोळ परदेशी तारखांत होतो. रशियात तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते, ते बाकीच्या युरोपाच्या १२ दिवस मागे. त्या वर्षी काळ्या समुद्रात सिनोप बंदरात रशियन आरमाराने तुर्की गलबतांचा नाश केला. क्रिमियाचे युद्ध पुढे फ्रान्स-इंग्लंडपर्यंत पेटले त्याला हे मोठे निमित्त झाले. एका यादीत तारीख १८ नोव्हेंबर मिळेल, दुसरीत ३० नोव्हेंबर. दोन्ही खऱ्या, पंचांगे दोन. जपानचेही असेच: अमेरिकन नौदलाचा पेरी चार काळी जहाजे घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आखातात आला तो दिवस आपल्या कॅलेंडरने ८ जुलै १८५३, जपानी कागदांत काएइ ६, सहाव्या महिन्याची तिसरी तिथी. भित्तिपत्रकावर सगळीकडे एकच पंचांग धरा आणि खाली एका ओळीत तसे लिहा. निम्मे वाद तिथेच मिटतील.

तिसरी काळजी 'पहिला' या शब्दाची घ्यायची. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटे, बोरीबंदर. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि गाडी ठाण्याच्या दिशेने २१ मैलांच्या म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. पाडवा होऊन आठवडाच झाला होता. हे सगळे ठीक, पण 'भारतातली पहिली आगगाडी' असे लिहू नका. मालाची ने-आण करणारे रूळ त्याआधी मद्रासकडे १८३७ मध्ये होते, आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या बांधकामासाठी १८५१ मध्येच वाफेचे इंजिन चालले होते. ठाण्याची ही पहिली प्रवासी गाडी. 'प्रवासी' हा एक शब्द घातला की वाक्य खरे होते. आणि बोरीबंदर लिहिताना आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे चित्र चिकटवू नका. ती इमारत १८८८ ची. भित्तिपत्रकांवर ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आधीच सांगून ठेवतो.

या गाडीला तुमच्या पत्रकात मधोमध जागा द्या, पण एकटी ठेवू नका. गाडी धावली १६ एप्रिलला. चारच दिवसांनी, २० एप्रिलला, डलहौसीने हिंदुस्थानभर मोठे लोहमार्ग कसे टाकावेत याचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. महिन्याभराने, २१ मे रोजी, हैदराबादच्या निजामाकडून कंपनीने तह करून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. निजामाच्या नावाने पोसल्या जाणाऱ्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी. त्याच वेळी धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले होते, ते १८६० मध्ये परत मिळाले; वऱ्हाड मिळाले नाही. आणि डिसेंबरात नागपूरची गादी रिकामी झाली. वऱ्हाड म्हणजे कापूस, नागपूर म्हणजे कापूस आणि त्या कापसाकडे जाणारी वाट. नागपूर घेण्याचे कारण लिहिताना इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा विचार डलहौसीने स्वतः मांडला आहे. बोरीबंदरचा रूळ पुढे वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. एप्रिल, मे आणि डिसेंबर या तीन नोंदी वेगवेगळ्या कागदांवर लिहिल्या तर तीन माहित्या होतात. त्यांच्यात सुतळी बांधून रूळ, वऱ्हाड, नागपूर असे जोडले, तर आठवीच्या मुलाला साम्राज्य कसे चालते ते एका नजरेत दिसते. सुतळी खरोखरची लावा, टाचण्यांनी.

ज्या मुलांना राजकारण रुचत नाही त्यांना नाटक द्या. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, हे पुस्तकात असते. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले आणि आश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरू लागली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ करू लागली. मराठी नाटक राजवाड्यातून तिकिटाच्या खिडकीवर आले ते हे वर्ष. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच नाटकगृहात पारशी मंडळींनी आपली नाटके सुरू केली. इथेही एक मृत्यूच मागे उभा आहे हे लक्षात घ्या: चिंतामणराव असते तर मंडळींना सांगली सोडून बाहेर पडावे लागले असते का?

आणखी एक जोडी सांगतो, ती मला स्वतःला याद्या शेजारी शेजारी ठेवताना सापडली. ६ मार्च १८५३ ला व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या संगीतनाट्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुरता पडला. तिची नायिका शेवटच्या अंकात क्षयाने मरते. त्याच शहरात, त्याच दिवसांत, हवापालटासाठी आलेला एक ऑस्ट्रियन प्राध्यापक खऱ्या क्षयाने झिजत होता. पहिल्या प्रयोगानंतर अकराव्या दिवशी, १७ मार्चला, तो गेला. वय ४९. नाव क्रिस्तियान डॉप्लर. आवाजाचा किंवा प्रकाशाचा उगम जवळ येताना आणि दूर जाताना त्याची कंपने बदलतात हे सांगणारा हाच. आज बाळंतपणाआधी डॉक्टर 'कलर डॉप्लर करून घ्या' म्हणतात त्यातला डॉप्लर. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांच्या फायलीत हे नाव असेल. आणि हे लिहिताना शेजारी ७ एप्रिल ठेवा: त्या दिवशी लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याच्या साथीत पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा तोच स्नो.

बाकीचे झटपट. १९ मार्चला चीनमध्ये ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतले. हे बंड त्या शतकातले अतिशय रक्तरंजित ठरले, म्हणून एक ओळ हवी. ऑगस्टमध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि मुलकी नोकऱ्यांसाठी स्पर्धापरीक्षेचे दार उघडले. पुढे १८६३ मध्ये त्यातून पहिले भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, आत गेले. नोव्हेंबरात कलकत्ता-आग्रा तारायंत्राचे काम सुरू झाले. सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर ऑगस्टमध्ये इंग्लंडात वारला. एवढे पुरे. यादी भरण्यासाठी राजपुत्रांची लग्ने आणि इटलीतले सरदार घालू नका.

एक सावधगिरी लक्ष्मीबाईंच्या वयाबद्दल. मुले हमखास लिहितात, 'तेव्हा राणी अमुक वर्षांची होती.' त्यांच्या जन्मसालाबद्दल १८२८ आणि १८३५ अशी दोन मते चालत आली आहेत. सात वर्षांचा फरक म्हणजे वैधव्य आले तेव्हा अठरा की पंचवीस, इतका. वय लिहूच नये. २१ नोव्हेंबर ही तारीख पक्की आहे, तेवढी लिहावी.

आता राहिलेला जन्म. शके १७७५, आषाढ महिना, इंग्रजी जुलै १८५३. दापोलीजवळचे मुरूड. त्या घरी जन्मले शंकर बाळकृष्ण दीक्षित. शाळामास्तर झाले, आयुष्यभर शिकवण्याची नोकरी केली, आणि त्यातून वेळ काढून १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला. परदेशी विद्वानांना तो वाचायचा तर मराठी शिकावे लागे, इतका तो मोलाचा. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगांची कोष्टके इंग्रजीत छापली. शिलालेखावरची, ताम्रपटावरची, बखरीतली तिथी इंग्रजी तारखेत आणायला संशोधक ती कोष्टके वापरू लागले. १८९८ मध्ये, पंचेचाळीसही पुरी होण्याआधी, दीक्षित गेले.

माझ्या टेबलावर त्या कोष्टकांची एक झिजलेली प्रत आहे, कणा दोनदा शिवून घेतलेली. वर १८५३ च्या पाडव्याबद्दल, शके १७७५ च्या माघाबद्दल मी जे लिहिले ते अशाच कोष्टकांच्या आधाराने तपासता येते. त्या वर्षाच्या तारखा लावायला शिकवणारा माणूस त्याच वर्षी कोकणात जन्मला होता. बहुतेक याद्यांत त्यांचे नाव नसते. तुमच्या भित्तिपत्रकात जन्माच्या रकान्यात सर्वांत वर त्यांना घ्या, आणि त्यांच्या कार्डावर तारीख लिहिण्याआधी तिथी लिहा.